पाण्याचं विरजण

शालिकराम एसटीतून रिटायर झाला, तेव्हा हाती आलेल्या पैशाचं काय करायचं हे त्याला सोडून बाकी सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. अकोल्याच्या जठारपेठेतल्या शेजाऱ्यांचं म्हणणं, प्लॉट घ्या. मेहुण्याचं म्हणणं, प्लॉट घ्या, पण माझ्याकडूनच घ्या. बायको जमुना तोंडानं काहीच बोलली नव्हती, पण सराफाच्या दुकानासमोर आली की तिची चाल मंद व्हायची, आणि जन्मभर अकोला-दर्यापूर गाडी हाकलेल्या माणसाला कोण कुठं ब्रेक मारतं हे कळतं. तर या गड्यानं केलं काय? खारबर्डीत, आपल्या मूळ गावी, खारं पाणी गोड करायचं मशीन बसवलं. "पैसा पाण्यात घातला" असं लोकांनी म्हणायच्या आधी त्यानं स्वतःच ते चारचौघांत म्हणून टाकलं, त्यामुळे पुष्कळांच्या तोंडचा घास गेला.

खारबर्डी पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात आहे. काळीभोर जमीन, कापसाची पऱ्हाटी कमरेएवढी होते, पण विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की डोळे आपोआप मिटतात. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि चहात दूध घातलं की ते फाटून बसतं. नळयोजनेच्या अगदी टोकाला गाव, त्यामुळे नळ आला की सणच. गावातल्या मुलांना पोरी बघायला गेलं, तर पोरीचा बाप शेती किती, नोकरी काय, हे मागाहून विचारतो, आधी विचारतो, "पानी कसं हाये?" मग खारबर्डीवाल्यांनी एक रीत काढली. पाहुणा आला की आधी गुळाचा चांगला मोठा खडा हातावर ठेवायचा, तो चघळून झाला की लगेच पाण्याचा गिलास पुढं करायचा. पाहुणा गुळाच्या भरात पिऊन टाकतो. अशा गुळावर गावातली निम्मी लग्नं जमली आहेत. ज्या सुना फसून आल्या, त्याच आता पाहुण्यांना गूळ देतात.

तानुबाई मात्र फसून आलेली नव्हती. तिचं माहेरही खारपाणपट्ट्यातलंच, म्हणून ती म्हणते, "मले कोन फसवते? मी तिकळूनच खारी आली." ती शालिकरामची थोरली वहिनी. ती लग्न होऊन आली तेव्हा हा चड्डीची नाडी बांधता न येणारं, आई नसलेलं पोर होतं. तिनं त्याला न्हाऊ घातलं, बदडलं, शाळेत धाडलं आणि नोकरी लागली तेव्हा डेपोच्या फाटकापर्यंत त्याच्यामागून डबा घेऊन गेली. चारचौघांत ती त्याला "भाऊजी" म्हणायची, घरात "शाल्या". तोंडावर कौतुक करायचं तिला माहीतच नव्हतं. त्याच्या लग्नात ती जमुनेला एवढंच म्हणाली होती, "पोट्टा बरा हाये. घोरते."

शालिकरामनं हे ऋण आपल्या पद्धतीनं फेडायला घेतलं होतं. नोकरीभर ड्रायव्हरच्या सीटमागं अकोल्याच्या गोड पाण्याचा एक कॅन असायचा. खारबर्डी फाट्यावर गाडी थांबली की कॅन उतरायचा, रिकामा चढायचा. कंडक्टर डोळेझाक करायचे, एक नवा कंडक्टर "याचं तिकीट?" म्हणाला, तेव्हा मागच्या सीटवरची म्हातारी ओरडली, "त्याच्या वयनीचं पानी हाये ते, तू आपली घंटी वाजव!" त्या पाण्याची तानुबाई डाळ शिजवायची आणि पाहुण्यांचा चहा करायची. स्वतः मात्र विहिरीचंच प्यायची.

तो रिटायर झाला, कॅन बंद झाला, आणि त्याच सुमाराला तानुबाईच्या पायांवर सूज दिसू लागली. तिचा लेक किशोर तिला अकोल्याला घेऊन आला. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि शालिकरामला बाजूला घेतलं. किडनीवर ताण आलाय, म्हणाले. अजून वेळ गेली नाही. गोळ्या देतो, पथ्य सांगतो, पण ते विहिरीचं पाणी आधी बंद करा. नाहीतर पुढं आठवड्याला डायलिसिसच्या मशीनवर आणावं लागेल.

शालिकरामच्या गावातून किती माणसं अशी आठवड्याला मशीनवर जायला निघाली आणि पुढं निघायची थांबली, हे त्यालाच ठाऊक, कारण ती त्याच्याच गाडीतून जायची. तो घरी आला आणि जमुनेला म्हणाला, "मशीनवर जायचंच असंल तं मशीनच गावात नेतो."

जठारपेठेत सकाळी चहाच्या टपरीवर महादेवराव बसायचे. बँकेतून निवृत्त, मोबाइलवर शेअर बघायचा नाद. त्यांना ही बातमी कळली, तेव्हा त्यांनी चष्मा वर सरकवला.

"शालिकराम, आयडिया भल्ली हाये. खाऱ्याचं गोड करनं, हाच पुढच्या जमान्याचा धंदा. साऱ्या दुनियेचा पैसा तिकडं जाऊन राहिला. पन ते लोक समुद्राच्या काठी प्लांट टाकतात, गड्या. तू समुद्र कुठून आनशील?"

"आमचा समुद्र खाली हाये," शालिकराम म्हणाला. "जमिनीत. जुने लोक सांगतात, कधीकाळी इथी समुद्रच होता."

"मंग परतावा कधी?"

"वयनी पेली की."

महादेवरावांनी इतका अडाणी गुंतवणूकदार उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांनी आपल्या खर्चानं त्याला दुसरा चहा पाजला.

ग्रामपंचायतीनं शाळेमागची खोली दिली. मशीन बसलं. दर्यापूरचा अनुप, आयटीआय झालेला उमदा गडी, तो बसवायला आणि पुढं देखभालीला. विहिरीचं पाणी दाबानं बारीक पडद्यांतून जायचं, क्षार मागं राहायचे, एका नळीतून गोड पाणी आणि दुसरीतून आणखीच खारट झालेलं पाणी बाहेर. ते खारट पाणी वावरात सोडलं तर माती जाईल, म्हणून शालिकरामनं त्याची टाकी वेगळी बांधली. ते शाळेच्या संडासाला आणि ट्रॅक्टर धुवायला.

उद्घाटनाला नेता बोलवायचा नाही, पहिला गिलास वयनी पिईल, असं त्यानं जाहीर केलं. हीच त्याची चूक. खारबर्डीत तानुबाईच्या जिभेला मान होता. कोणाच्या लग्नात वरणाला मीठ पुरलं की नाही, हे आचारी तिला विचारायचे. गाव जमलं. तानुबाईनं नऊवारीचा पदर सारखा केला, गिलास वर धरून घोट घेतला, तोंडात फिरवला. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. ती गिळून म्हणाली,

"अळनी हाये."

झालं. एका शब्दात मशीनचं बारसं आणि तेरावं एकदमच उरकलं.

"वयनी, पानी अळनीच असते," शालिकराम गयावया करू लागला.

"असं कसं? पान्याले चव नको? हे तं तोंड धुतल्यावानी वाटते. तहान जागच्या जागी." मग तिची नजर दुसऱ्या नळीकडे गेली. तिनं ओंजळ धरली, चाखलं आणि तिचा चेहरा उजळला. "अरे, हे पाय! चवीचं पानी तं तुई मशीन फेकून देऊन राहिली!"

हसून हसून माणसं शाळेच्या भिंतीला टेकली. अनुपनं हात जोडले, "आजी, ते नका पिऊ, ते संडासाचं हाये," तेव्हा तर बायांनी पदर तोंडात कोंबले.

बायका कॅन न्यायला लागल्या, पण डाळीपुरत्या. डाळ बिनसोड्याची अशी मऊसूत शिजायची की मशीनला गावात "डायीची मशीन" नाव पडलं. प्यायला सगळे विहिरीवर. शालिकरामनं मग वहिनीचे पाय धरले, शब्दशः. डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं, मेलेल्यांची नावं घेतली, नातवंडांची शपथ घातली. तानुबाई विरघळली. "बरं बरं, रडू नको, म्हातारा झाला तू. पाठव एक कॅन रोज. पिईन."

आणि कॅन रोज जाऊ लागला. तानुबाई पिते म्हटल्यावर गल्लीही पिऊ लागली. शालिकराम जठारपेठेतून एक दिवसाआड गावी यायचा, ओळीनं मांडलेले कॅन बघायचा आणि पोळ्याला बैल सजवल्यागत त्याची छाती फुगायची.

काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. किडनीचा आकडा कमी व्हायचा सोडून वर गेला होता. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी बदललं ना?"

"बदललं, साहेब. मी स्वतः भरून देतो."

"मग काहीतरी चुकतंय."

शालिकराम तिथून निघाला तो थेट अनुपच्या अंगावर. "तुई मशीन खोटी हाये बे! वयनीच्या जिवाचा खेळ करून राहिला काय?" अनुपनं शांतपणे खिशातून पाण्यातले क्षार मोजायचं मीटर काढलं, नळाखाली धरलं. पाणी चोख. कॅनमधलं मोजलं, चोख. "आता काका, आजीच्या माठातलं मोजू," तो म्हणाला.

माठात मीटर बुडवलं आणि आकडा असा उड्या मारत वर गेला की अनुपनं ते झटकून पुन्हा बुडवलं. किशोरची बायको, तानुबाईची सून प्रणाली दाराच्या चौकटीला लागून उभी होती. तिचं लक्ष एकदम बाहेरच्या तुळशीवर खिळलं.

"प्रनाली," शालिकराम म्हणाला, "माठात कोनतं पानी हाये?"

"तुमचंच हाये, काकाजी."

"मंग?"

ती पदराशी चाळा करत राहिली. "तुमचंच हाये. फकस्त त्याले विरजन लावते."

"विरजन?"

"म्हनजे… आत्याबाईनं सांगतलं तसं. तुमचं पानी वततो, अन् वरून विहिरीचे दोन-तीन लोटे घालतो. रातभर ठेवलं की चव लागते. साऱ्या गल्लीत असंच लावतात."

शालिकराम ओट्यावर मटकन बसला. दुधाला विरजण लावतात हे त्यानं ऐकलं होतं. पाण्याला लावणारं गाव जगाच्या पाठीवर एकच, आणि ते त्याचं. घरोघरी हेच. मशीन दिवसभर घरघरून क्षार काढायचं आणि बाया संध्याकाळी ते परत घालायच्या. कोणी दोन लोटे, कोणी चार. समोरच्या घरात तर पाहुणा आला की जास्त, कारण पाहुण्याला अळणी पाणी देणं बरं दिसत नाही.

तानुबाई आतून बाहेर आली. लाजबीज काही नाही.

"पेते म्हनलं होतं, पेतेच ना! बिनचवीचं पेते असं नाई म्हनलं."

"वयनी, तू मरशील!"

"जनमभर पेली, मेली का?"

"आता मरून राहिली!" तो ओरडला, आणि ओरडल्यावर स्वतःच दचकला. या बाईवर तो आयुष्यात कधी ओरडला नव्हता. तानुबाई त्याच्याजवळ ओट्यावर टेकली. मग हळू आवाजात म्हणाली, "शाल्या, तू समजतो तितकी वाईट नाई रे मी. दोनदा पाह्यलं पिऊन तसंच. नाई उतरत गळ्याखाली. वकारी येते. तुह्याशी खोटं बोलू का मंग?"

ती खरं बोलत होती, हीच पंचाईत. हट्ट असता तर शालिकरामनं आणखी मोठा हट्ट केला असता. पण जिभेलाच जे पाणी म्हणून माहीत नाही, ते पाणी आहे असं तिला कोण पटवणार?

त्या संध्याकाळी अकोल्याला घरी आल्यावर त्यानं जेवायलाही नाही म्हटलं. जमुनेनं चहा पुढं केला. तो फुरके मारत सगळी हकीकत सांगत होता. "इतकी वर्षं जे तोंडात बसलं, ते निघत नाई गं. जीभ लगेच वळखते."

"नाई वळखत," जमुना म्हणाली.

"तुले काय माहीत?"

"तुमच्या चहात दिवाळीपासून साखर नाई."

शालिकरामचा कप हवेतच राहिला. शुगर निघाल्यावर त्यानं सगळ्यांना बजावून सांगितलं होतं, जीव गेला तरी बेहत्तर, पण फिका चहा तोंडाला लावणार नाही. जमुनेनं तेव्हा वाद घातला नव्हता. चमच्यातली साखर तेवढी चिमूटचिमूट कमी करत गेली होती, इतकी हळू की नवऱ्याला वाटत राहिलं, आपली बायको काय चहा करते! परवाच त्यानं महादेवरावांना घरी आणून तो चहा पाजला होता. पाहुणे बिचारे काही बोलले नव्हते.

त्यानं कपात डोकावून पाहिलं, पुन्हा घोट घेतला. आता एकदम फिका लागला. "अगं, मले सांगायचं तरी!"

"सांगतलं असतं तं पेले असते का?"

शालिकरामनं कप खाली ठेवला. आयुष्यभर आपण गाडी चालवतो असं त्याला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तो खारबर्डीत. अनुपला म्हणाला, "विहिरीचं पानी गोड पान्यात सोडायचा कॉक असतो ना? तो उघड."

"काका, मशीनीची इज्जत जाईल."

"उघड. त्यायच्या माठात जितकं खारं असते, तितकंच येऊ दे. अन् दर हप्त्याले जराजरासा मिटत जाऊ. कोनाले काही सांगायचं नाई."

अनुपला समजायला वेळ लागला, आणि समजल्यावर त्याला हसू आवरेना. त्या दिवसापासून मशीनच भेसळ करू लागलं. तानुबाईनं सवयीनं विरजण लावलं, चाखलं आणि प्रणालीवर खेकसली, "आज जास्त टाकलं का वं? खारट झालं." दुसऱ्या दिवशी कमी घातलं. आठवड्यात विरजण बंदच. गल्लीत चर्चा सुरू झाली की आता मशीन सुधरली. कोणी म्हणालं, नव्या इंजिनासारखं असते, आधी चालू द्या लागते. कोणी म्हणालं, अनुपनं आतली नळी बदलली. एका जाणकारानं तर सांगितलं, शालिकरामनं पाण्यात चवीची पावडर मागवली आहे, परदेशातून. शालिकराम सगळ्यांना "हाव, हाव" म्हणायचा आणि दर आठवड्याला खोलीचं दार लोटून कॉक केसभर मिटायचा. एकदा घाईत जास्त मिटला गेला, तर दुपारी तीन बाया कॅन घेऊन परत आल्या, "आज पानी उतरलं जी!" पुन्हा थोडा उघडला. जिभांपुढं मशीनचं मीटर झक मारतं, हे अनुपनंही कबूल केलं.

पावसाळा गेला, कापूस वेचून झाला, आणि केव्हातरी कॉक पूर्ण मिटला. गावात कोणालाच पत्ता नाही. शालिकरामनं मात्र तेव्हापासून वहिनीसमोर बसायचं टाळलं. ती गटागटा चोख पाणी प्यायची आणि हा भिंतीवरचं कॅलेंडर बघायचा, कारण तिच्याकडे बघितलं तर हसू फुटेल की रडू, याचा भरवसा नव्हता. पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, जे गेलं ते परत येत नाही, पण पुढं जायचं थांबलंय, असंच ठेवा. शालिकराम डॉक्टरांच्या पाया पडायला वाकला, ते संकोचून मागं सरले, तेव्हा त्यानं टेबलालाच हात लावून घेतला.

मग तानुबाईच्या माहेरी लग्न निघालं. माहेरच्या विहिरीचं कौतुक तिनं जन्मभर ऐकवलेलं. मांडवात बसल्या बसल्या भाचसुनेनं गूळ दिला, पाणी दिलं. तानुबाईनं घोट घेतला आणि भर मांडवात, नवरदेवाच्या काकांच्या अंगावर, फुर्रकन उडवला.

"माय वं! मीठ टाकलं का यात?"

"आत्या, आपल्या विहिरीचंच हाये."

"माह्या बापाच्या विहिरीचं असं नाई!" पुन्हा चाखलं. पुन्हा तोंड वाकडं. भाचसून रडवेली झाली. तानुबाईनं गिलास उजेडाकडे धरून पाहिला. लग्नाचं जेवण तिनं पाण्याविना उरकलं आणि परतीच्या गाडीतून उतरली ती घरी न जाता थेट मशीनच्या खोलीत.

"भाऊजी," ती म्हणाली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, तरी भाऊजी. "माह्या मायरची विहीर बिघडली, का माह्या तोंडाचं काही केलं तुमी?"

त्यानं सगळं सांगितलं. कॉक दाखवला. जमुनेचा चहाही सांगून टाकला, म्हणजे शिव्या वाटून घेता येतील. तानुबाईनं कॉकला हात लावला, एकदा उघडून बघितला, पुन्हा घट्ट मिटला.

"म्हनजे मले लहान पोट्ट्यावानी फसवलं."

"हाव."

"इतके दिवस."

"हाव, वयनी."

ती घरी गेली. शालिकरामचं त्या दिवशी कशातच लक्ष लागलं नाही. दोन दिवस तिच्याकडून निरोप नाही. तिसऱ्या दिवशी दर्यापूरकडे जाणारा जीपवाला बुधाजी खोलीशी थांबला आणि खिडकीतून डोकं काढून हसू लागला.

"शालिकभाऊ, तुमच्या वयनीले आज मायरी सोडलं. सोबत दोन कॅन घेऊन गेली, जीपीत पाय ठेवाले जागा नोती. तिथं म्हने सरपंचाले भेटनार हाये. मशीन पायजे म्हनते. अन् तुमाले निरोप हाये, मशीन बसवाले तुमालेच या लागते, पन तिथं एकदम चोख पानी सोडू नका म्हने. तिकडचे लोक लय हेकट हायेत."

"रागात होती का?"

"कायची रागात! साऱ्या रस्त्यानं एकच चालू. जो चढला त्याले पकडून सांगे, 'माह्या दिरानं मले फसवलं.' एक बाई म्हने, 'अवं माय, सख्ख्या दिरानं?' तं तुमची वयनी म्हने, 'हाव! असा फसवनारा देवानं घरोघरी द्यावा.'"

बुधाजी आणखीही काही सांगत होता. शालिकरामनं मान वळवली, जीपमध्ये मागं ठेवलेला बुधाजीचा रिकामा कॅन उचलला, आणि नळाखाली लावला.